इंजिनाच्या व्हॉल्व्ह यंत्रणेचं चालतं मॉडेल: व्हॉल्व्हपासून सुरुवात करा, क्रँकपाशी थांबा

डिप्लोमाचे प्रकल्प असोत, आयटीआयचं प्रात्यक्षिक असो किंवा शाळेचं विज्ञान प्रदर्शन, व्हॉल्व्ह यंत्रणेची मॉडेल्स ठरावीक ठिकाणी फसतात. हँडल फिरतं, पिस्टन वरखाली होतो, व्हॉल्व्हही हलतात, पण पॉवर स्ट्रोकला, म्हणजे जळता वायू पिस्टनला खाली ढकलतो तेव्हा, इनलेट (हवा आत घेणारा व्हॉल्व्ह) उघडा असतो. किंवा व्हॉल्व्ह एकदा खाली गेला की गाइडमध्ये (दांडी सरकते त्या भोकात) अडकतो आणि बोटाने वर ढकलावा लागतो. बहुतेक वेळा कारण एकच असतं: कामाचा क्रम उलटा झालेला असतो. आधी क्रँक आणि पिस्टन बनतात, कारण ते सोपे आणि दिसायला छान. मग उरलेल्या जागेत कॅम आणि व्हॉल्व्ह कोंबले जातात.

क्रम असा ठेवा: व्हॉल्व्ह आणि सीट (बंद व्हॉल्व्ह टेकतो ती जागा), मग स्प्रिंग, रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारी तरफ), पुशरॉड (रॉकर ढकलणारी सळई), टॅपेट (कॅमवर टेकून पुशरॉड उचलणारा तुकडा), कॅम (एका बाजूला नाक असलेली फिरती चकती), गिअर आणि शेवटी क्रँक (पिस्टनशी जोडलेला फिरता दांडा). व्हॉल्व्ह किती उघडायचा हे आधी ठरतं आणि बाकीची सगळी मापं त्यातून निघतात.

इथे दिलेलं मॉडेल उभ्या बोर्डावरचं, एका सिलिंडरचं, चार स्ट्रोकचं, पुशरॉड आणि रॉकर असलेलं आहे. जुन्या बुलेटमध्ये किंवा शेतावरच्या एका सिलिंडरच्या डिझेल इंजिनात हीच साखळी असते. खऱ्या इंजिनात दोन्ही पुशरॉड बहुधा एकाच बाजूने जातात. आपण मात्र इनलेटचा कॅम डावीकडे आणि एक्झॉस्टचा (जळालेला वायू बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा) उजवीकडे ठेवतो, म्हणजे समोर उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही साखळ्या एकाच वेळी दिसतात.

## आधी आराखडा, मग करवत

पूर्ण मापाचं चित्र कार्डशीटवर काढल्याशिवाय प्लायला हात लावू नका. बोर्ड १८ मिमी प्लायचा, ४०० मिमी रुंद आणि ५०० मिमी उंच. खालच्या कडेपासून १३० मिमी वर, बरोबर मध्यावर क्रँकचा केंद्रबिंदू घ्या. बाकीची सगळी मापं या बिंदूपासून मोजायची आहेत.

- कॅमची केंद्रं: क्रँकच्या डावीकडे आणि उजवीकडे ९० मिमी, त्याच उंचीवर.
- क्रँकची त्रिज्या ३० मिमी, म्हणजे स्ट्रोक ६० मिमी. कनेक्टिंग रॉड पिनपासून पिनपर्यंत १२० मिमी.
- पिस्टन ७० मिमी रुंद, ५० मिमी उंच, पिन बरोबर मध्यात. सिलिंडरच्या आतल्या भिंती मध्यरेषेपासून ३६ मिमीवर.
- हेडची, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाची, खालची बाजू क्रँककेंद्राच्या १९५ मिमी वर. पिस्टनचा माथा जास्तीत जास्त १७५ मिमीपर्यंत येतो, म्हणून मध्ये २० मिमी मोकळी जागा राहते.
- व्हॉल्व्हच्या दांड्या मध्यरेषेपासून १८ मिमीवर, पुशरॉड ९० मिमीवर, रॉकरच्या पिना त्यांच्या बरोबर मध्ये, ५४ मिमीवर. रॉकरचे दोन्ही हात ३६ मिमीचे, त्यामुळे कॅमने जितकं उचललं तितकाच व्हॉल्व्ह उघडतो.
- व्हॉल्व्हची उघड १२ मिमी.

हेडखालच्या २० मिमी जागेवरून पुष्कळांना वाटतं की कॉम्प्रेशन दिसणार नाही. ती जागा कमी करू नका. टायमिंग लावताना कॅम चुकीच्या जागी असतोच, आणि त्या वेळी १२ मिमी उघडलेला व्हॉल्व्ह वर आलेल्या पिस्टनवर आपटला तर दांडी वाकते.

आता बाजूने दिसणारं चित्र काढा. हेच सर्रास राहून जातं. कॅम, टॅपेटचा रोलर, पुशरॉड, रॉकर आणि व्हॉल्व्हची दांडी यांची मध्यरेषा बोर्डापासून सारख्याच अंतरावर हवी. मी ३५ मिमी धरतो. त्यांच्या मागे, बोर्डाच्या जवळ, गिअर. यातला एक भाग जरी पुढेमागे झाला तरी पुशरॉड तिरका उभा राहतो आणि रॉकर पिळला जातो.

पडताळणी: कार्डशीटचेच रॉकर, पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड कापून टाचण्यांवर फिरवून पाहा. काही घासत असेल तर ते इथेच कळायला हवं.

## सामान

बेअरिंग सगळीकडे एकच घ्या: ६०८ क्रमांकाचं, आतला व्यास ८ मिमी, बाहेरचा २२, जाडी ७. अशी दहा लागतात: क्रँकच्या दांड्याला दोन, प्रत्येक कॅमच्या दांड्याला दोन, टॅपेटचे रोलर म्हणून दोन आणि रॉकरसाठी दोन. एकच माप असल्याने २२ मिमीचा एक फोर्स्टनर बिट (सपाट तळाचं भोक पाडणारा) सगळ्या कामाला पुरतो.

याशिवाय ८ मिमी आणि ६ मिमी लोखंडी सळई, ८ मिमी दांड्याचे फ्लँज कपलर (रोबोटिक्सचं सामान मिळतं तिथे मिळतात), ६ आणि १२ मिमी प्लाय, एम-६ नट, बोल्ट आणि वॉशर, फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पत्त्या) आणि अंशचक्राची (३६० अंशांच्या खुणांच्या चकतीची) छापील प्रत.

गिअर हाताने कापू नका. लेझर कटिंगच्या दुकानात ६ मिमी अॅक्रिलिक किंवा एमडीएफमधून कापून घ्या: मॉड्यूल (दाताचं माप) ३, प्रेशर अँगल २० अंश, २० दातांचा एक आणि ४० दातांचे दोन. त्यांचं हिशेबी केंद्रांतर ९० मिमी येतं. भोकं मात्र ९०.३ मिमीवर पाडा, नाहीतर दात एकमेकांत घट्ट बसून जड फिरतात.

सावधान: तिन्ही गिअर सारखे घेतले तर कॅम क्रँकच्या वेगाने फिरेल आणि व्हॉल्व्ह प्रत्येक फेऱ्याला उघडेल. चार स्ट्रोक म्हणजे क्रँकचे दोन फेरे. तेवढ्यात कॅमचा एकच फेरा व्हायला हवा.

स्प्रिंगबद्दल जरा सविस्तर. गॅरेजमधून भंगार व्हॉल्व्ह आणलात तर उत्तम, पण त्याच्यासोबतची स्प्रिंग वापरू नका. ती हजारो फेऱ्यांच्या वेगासाठी बनवलेली असते. लाकडी टॅपेट तिच्यापुढे टिकत नाही आणि हँडलही हाताने फिरत नाही. स्प्रिंगच्या दुकानातून अशी घ्या: तार ०.८ मिमी, बाहेरचा व्यास १० मिमी, काम करणारी वेटोळी ८, मोकळी लांबी ४० मिमी. बसवल्यावर ती ३० मिमी उरते आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की १८ मिमी. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर उभी धरून १० मिमी दाबली की साधारण ६५० ग्रॅम दिसायला हवेत. किलोच्या बरंच वर गेली तर दुसरी शोधा.

## टप्पा १: हेड, सीट आणि व्हॉल्व्ह

१२ मिमी प्लायचे तीन तुकडे फेव्हिकॉलने चिकटवून ३६ मिमी जाडीचा ठोकळा करा, ९६ मिमी रुंद आणि ४० मिमी उंच. रात्रभर शिकंज्यात राहू द्या.

ठोकळ्याच्या खालच्या बाजूला, मध्यरेषेपासून १८ मिमीवर दोन खुणा करा. तिथे २२ मिमीच्या फोर्स्टनर बिटने १८ मिमी खोल खळगा घ्या. बिटच्या टोकाने तळाशी जो केंद्रबिंदू उमटतो त्यावरूनच दांडीचं आरपार भोक पाडा. हा क्रम उलटला तर फोर्स्टनरच्या टोकाला पकडायला लाकूड उरत नाही, खळगा सरकतो आणि व्हॉल्व्ह सीटवर एका बाजूला टेकतो.

दांडीचं भोक नुसत्या प्लायमध्ये ठेवण्यापेक्षा ६ मिमी आतल्या व्यासाचं पितळी बुश ठोकणं चांगलं. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, प्लाय फुगतो आणि उन्हाळ्यात सुळसुळीत चालणारा व्हॉल्व्ह जुलैत अडकतो. बुश नसेल तर भोक ६.५ मिमी ठेवा आणि आतून व्हार्निश लावा.

भंगार व्हॉल्व्ह मिळाला नाही तर ६ मिमी सळईला खाली २८ मिमी व्यासाची, ६ मिमी जाडीची चकती आणि वरच्या टोकाला २० मिमी एम-६ आटे. खऱ्या इंजिनात सीट सहसा ४५ अंशांत घासलेली असते. मॉडेलला सपाट सीट चालते.

हेडवर स्प्रिंग, तिच्यावर वॉशर आणि वॉशरवर दोन नट एकमेकांवर आवळून. बंद व्हॉल्व्हचं टोक हेडच्या खालच्या बाजूपासून ८५ मिमी वर यावं. शेवटी समोरचा भाग कापून खळगा उघडा करा म्हणजे व्हॉल्व्हचं डोकं सीटवरून उठताना दिसेल.

पडताळणी: व्हॉल्व्ह बोटाने १२ मिमी दाबा आणि सोडा. तो टक् असा आवाज करून बसला पाहिजे. हळूहळू वर येत असेल तर दांडी वाकडी आहे किंवा भोक तिरकं आहे. जास्त ताकदीची स्प्रिंग घालून हा दोष झाकू नका, तो पुढे टॅपेटमध्ये बाहेर पडतो.

## टप्पा २: रॉकर

१२ मिमी प्लायचा रॉकर, मध्ये ४० मिमी उंचीचा फुगवटा आणि त्यात २२ मिमीच्या भोकात बेअरिंग. पिन म्हणून बोर्डातून आलेला ८ मिमीचा लांब बोल्ट. व्हॉल्व्हच्या बाजूचं टोक कानसून गोलसर करा आणि त्यावर पातळ पत्रा चिकटवा, नाहीतर लाकडाला खड्डा पडतो. पुशरॉडच्या बाजूला उभा एम-६ बोल्ट आणि चेकनट (बोल्ट जागेवर पक्का धरणारा नट). हाच टॅपेट सेटिंगचा स्क्रू. बोल्टचं खालचं टोक कानशीने गोल करा.

रॉकरच्या पिनेची उंची अंदाजाने ठरवू नका. व्हॉल्व्हखाली ठोकळा लावून तो बरोबर निम्मा, म्हणजे ६ मिमी, उघडा धरा. या स्थितीत रॉकरचे दोन्हीकडचे स्पर्शबिंदू आणि मधली पिन एका आडव्या रेषेत आली पाहिजेत. तिथे पिनेची खूण करा. असं केलं की रॉकर वरखाली दोन्हीकडे साधारण साडेनऊ अंश झुकतो आणि त्याचं टोक दांडीवर जेमतेम अर्धा मिमी सरकतं. व्हॉल्व्ह बंद असताना रॉकर आडवा लावला तर पूर्ण उघडताना टोक बरंच जास्त घसरतं, दांडीला बाजूने ढकलतं आणि गाइड एका कडेने झिजतो. ही चूक मी अनेक तयार मॉडेल्समध्येही पाहतो.

## टप्पा ३: टॅपेट आणि त्याचा गाइड

टॅपेट तीन पट्ट्यांचा करा, २० मिमी रुंद. मधली पट्टी ८ मिमी जाड आणि खालून आखूड, बाहेरच्या दोन ४ मिमी जाड आणि लांब. खाली जो चिमटा तयार होतो त्यात ८ मिमीच्या तुकड्यावर बेअरिंग बसवा, दोन्हीकडे पातळ वॉशर घालून. एकूण लांबी १०० मिमी. वरच्या टोकात पुशरॉडसाठी ६ मिमी खोल खळगा.

गाइड चौकोनी ठेवा. गोल टॅपेट स्वतःभोवती फिरतो, रोलर आडवा होतो आणि कॅम त्याच्या कडेवर चढतो. गाइडची उंची ५० मिमी, क्रँककेंद्राच्या वर ७० ते १२० मिमी या पट्ट्यात. ४० दातांच्या गिअरचा माथा ६३ मिमीवर असतो, त्यामुळे गाइड थेट बोर्डावर ठोकता येतो आणि गिअर त्याखालून मोकळा फिरतो.

सावधान: चिमट्याचा मागचा पाय कॅम आणि गिअर यांच्या मधून जातो. म्हणून त्या दोघांमध्ये किमान ६ मिमीचा स्पेसर हवा. तो विसरलात तर गिअर बसवताना सगळं पुन्हा सुटं करावं लागतं.

पुशरॉड म्हणजे ६ मिमी सळई, साधारण १५० मिमी. आत्ता थोडी लांबच ठेवा; नेमकी लांबी कॅम बसल्यावर. वरच्या टोकात ४ मिमी ड्रिलने उथळ खळगा घ्या म्हणजे सेटिंगचा बोल्ट त्यात बसेल.

## टप्पा ४: कॅम

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. अंड्यासारखा आकार डोळ्याने काढून कापला तर व्हॉल्व्ह कधी उघडेल आणि कधी बंद होईल हे कोणालाच सांगता येत नाही. कंपास आणि पट्टीने नेमका कॅम काढता येतो:

१. केंद्रापासून ३० मिमी त्रिज्येचं वर्तुळ काढा. हा कॅमचा पाया. रोलर यावर असतो तेव्हा व्हॉल्व्ह बंद.

२. केंद्रातून उभी रेषा काढून तिच्यावर २४ मिमीवर खूण करा. त्या खुणेभोवती १८ मिमी त्रिज्येचं वर्तुळ. हे कॅमचं नाक.

३. दोन्ही केंद्रांतून उभ्या रेषेच्या डावी-उजवीकडे ६० अंशांवर त्रिज्या काढा. त्या जिथे आपापल्या वर्तुळाला टेकतात ते बिंदू सरळ रेषेने जोडा. दोन्ही वर्तुळांना स्पर्श करणाऱ्या या दोन रेषा म्हणजे कॅमच्या बाजू.

नाकाचं टोक केंद्रापासून ४२ मिमीवर येतं. ४२ वजा ३० म्हणजे १२ मिमी उचल. उघडण्यापासून बंद होण्यापर्यंत कॅम १२० अंश फिरतो, म्हणजे क्रँक २४० अंश. वेगळी उचल हवी असेल तर पाया आणि ६० अंश तसेच ठेवा, नाकाचं केंद्र उचलीच्या दुप्पट अंतरावर घ्या आणि नाकाची त्रिज्या तीसमधून उचल वजा करून घ्या. १० मिमी उचलीला २० आणि २०.

सरळ बाजूंच्या या कॅमला रोलरचाच टॅपेट लागतो. सपाट तळाचा टॅपेट लावला तर बाजूची संपूर्ण रेषा एका क्षणी त्याला भिडते आणि टॅपेट झटक्याने उडतो. सपाट टॅपेटच हवा असेल तर कॅमच्या बाजू बाहेर फुगलेल्या काढाव्या लागतील.

दोन्ही कॅम ६ मिमी प्लायच्या दोन पट्ट्या खिळ्याने जोडून एकदमच कापा आणि एकदमच घासा, म्हणजे ते तंतोतंत सारखे होतात. नाकापासून बाजूपर्यंत कुठेही खड्डा राहू देऊ नका. पायाचं वर्तुळ विशेष जपून घासा: तिथे अर्धा मिमीचा उंचवटा राहिला तर बंद असायला हवा तेव्हा व्हॉल्व्ह किंचित उघडतो आणि कारण शोधण्यात संध्याकाळ जाते.

कॅम गिअरवर कायमचा चिकटवू नका. गिअरमध्ये दोन वक्र खाचा ठेवा आणि त्यांतून एम-४ बोल्टने कॅम धरा, दोन्हीकडे १० अंश सरकेल असा. कारण साधं आहे: ४० दातांच्या गिअरचा एक दात म्हणजे कॅमचे ९ अंश आणि क्रँकचे १८. फक्त दात बदलून बारीक टायमिंग लागत नाही.

पडताळणी: गिअर जोडण्याआधी कॅम हाताने पूर्ण फिरवा. पायाच्या भागावर सेटिंगचा बोल्ट किंचित सैल, नाकावर व्हॉल्व्ह १२ मिमीच्या जवळपास उघडा. पुशरॉडची लांबी आता पक्की करा. नाक ओलांडल्यावर कॅम आपोआप पुढे पळतो. ती स्प्रिंगची ताकद आहे, दोष नाही.

## टप्पा ५: क्रँक आणि पिस्टन

८० मिमी व्यासाची चकती, ३० मिमीवर पिन, पुढे कनेक्टिंग रॉड, वर पिस्टन. चकती यापेक्षा फार मोठी केली तर कॅमचं नाक तिला घासतं. पिस्टन सैल ठेवा, दोन्हीकडे एक मिमी मोकळीक. इथे काही दाबून धरायचं नाही.

२० दातांचा गिअर चकतीमागे त्याच दांड्यावर. हँडल बोर्डाच्या मागे आणि तिथेच २०० मिमी व्यासाचं अंशचक्र.

सावधान: समोरून क्रँक घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरायला हवा. मागे उभं राहून हँडल फिरवणाऱ्याला तीच दिशा काट्याच्या उलट दिसते. हँडलवर बाणाची ठळक खूण करा. उलटं फिरवलं तर पिस्टन खाली जाताना एक्झॉस्ट उघडतो आणि निर्दोष मॉडेल चुकलेलं वाटतं.

## टप्पा ६: टायमिंग

आधी टीडीसी, म्हणजे पिस्टनचा सगळ्यात वरचा बिंदू. तो डोळ्याने ठरवू नका. टीडीसीपासून १० अंश इकडेतिकडे झालं तरी पिस्टन अर्ध्या-पाऊण मिमीपलीकडे हलत नाही. त्यापेक्षा सिलिंडरच्या भिंतीवर माथ्याच्या १० मिमी खाली एक रेघ ओढा. पिस्टन वर जाताना माथा रेघेशी आला की अंश लिहा, खाली येताना पुन्हा रेघेशी आला की अंश लिहा. दोन्हींच्या बरोबर मध्ये टीडीसी. तिथे शून्य लावा.

आता क्रँक शून्यावर धरा. हा एक्झॉस्ट संपून इनलेट सुरू होण्याचा क्षण असं ठरवा. समोरून पाहताना डाव्या, म्हणजे इनलेट कॅमचं नाक उभ्या रेषेपासून ४५ अंश उजवीकडे झुकलेलं ठेवा. उजव्या, म्हणजे एक्झॉस्ट कॅमचं नाक ४५ अंश डावीकडे. दोन्ही नाकं सिलिंडरकडे, एकमेकांसमोर. ४५ अंशांचा गुण्या लावून पाहा, मग गिअर अडकवा, खाचांतून बारीक फरक जुळवा आणि बोल्ट आवळा.

क्रँक काट्याप्रमाणे फिरला की दोन्ही कॅम काट्याच्या उलट फिरतात. इनलेटचं नाक वर येऊ लागतं, एक्झॉस्टचं दूर जाऊ लागतं. गिअरऐवजी सायकलची साखळी वापरली तर कॅम क्रँकच्याच दिशेने फिरतात आणि नाकं बाहेरच्या बाजूला झुकवून लावावी लागतात.

## टप्पा ७: टॅपेट क्लिअरन्स

क्रँक शून्यापासून एक पूर्ण फेरा पुढे न्या. आता पिस्टन पुन्हा वर आहे, पण नाकं बाहेर आणि खाली वळलेली आहेत आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत. क्लिअरन्स, म्हणजे रॉकर आणि बंद व्हॉल्व्हची दांडी यांच्यातली बारीक फट, फक्त इथेच लावायचा. पहिल्या टीडीसीला दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतात. तिथे लावलेला क्लिअरन्स खोटा. खऱ्या इंजिनावर काम शिकणारेही इथे चुकतात, म्हणून प्रेक्षकांना हा फरक आवर्जून दाखवा.

रॉकर आणि दांडी यांच्यात ०.३ मिमीचं फीलर गेज घाला, ते किंचित घासून निघेल इतका बोल्ट फिरवा आणि चेकनट आवळा. चेकनट आवळताना बोल्ट थोडा फिरतोच, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा.

क्लिअरन्सचा टायमिंगवर परिणाम वाटतो त्याहून मोठा असतो. आपल्या कॅमची बाजू सुरुवातीला फार हळू चढते. कागदावर इनलेट टीडीसीच्या ३० अंश आधी उघडायला हवा. ०.३ मिमी क्लिअरन्सने तो सुमारे १६ अंश आधी उघडतो, १ मिमीने जेमतेम ५ अंश आधी आणि २ मिमीने टीडीसीनंतर. म्हणजे सैल टॅपेटचा नुसता खडखडाट होत नाही, व्हॉल्व्ह उशिरा उघडून लवकर बंद होतो. मॉडेलवर हे थेट दाखवता येतं, आणि माझ्या मते हे दाखवणं या मॉडेलचा सगळ्यात मोलाचा उपयोग आहे.

पडताळणी: व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यात पातळ कागदाची पट्टी धरून क्रँक हळू फिरवा. पट्टी सुटते तो उघडण्याचा अंश, पुन्हा पकडली जाते तो बंद होण्याचा. इनलेट टीडीसीच्या १० ते २० अंश आधी सुटावा आणि पिस्टन सगळ्यात खाली पोचल्यावर १० ते २० अंशांनी पकडला जावा. एक्झॉस्टचं चित्र याच्या उलट: पिस्टन तळाला पोचण्याआधी सुटतो, टीडीसीनंतर पकडला जातो.

खऱ्या इंजिनात इनलेट सहसा याहून बराच उशिरा बंद होतो. तेही दाखवायचं असेल तर इनलेटचं नाक ४५ ऐवजी ५० अंशांवर लावा. बंद होणं क्रँकच्या १० अंशांनी पुढे सरकतं. उघडणंही तेवढंच सरकतं, हे मात्र लक्षात ठेवा. दोन्ही वेगवेगळं हलवायचं तर कॅमच नवा काढावा लागतो.

सगळं जुळलं की कॅम आणि गिअर यांतून ३ मिमीचं आरपार भोक पाडून पिन ठोका. नुसत्या बोल्टच्या भरवशावर मॉडेल प्रदर्शनाला नेलं तर टेम्पोच्या हादऱ्यांनी टायमिंग सरकतं.

## अडलं तर कुठे पाहायचं

एक व्हॉल्व्ह बरोबर, दुसरा चुकीच्या स्ट्रोकला. त्याचा कॅम अर्धा फेरा उलटा बसलाय. शून्यावर दोन्ही नाकं आत आहेत का पाहा.

दोन्ही चुकीच्या स्ट्रोकला. बहुधा हँडल उलटं फिरतंय.

व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. सेटिंगचा बोल्ट दोन फेरे सैल करा. बंद झाला तर क्लिअरन्सचा प्रश्न. नाही झाला तर रॉकर बाजूला काढून व्हॉल्व्ह एकटा दाबून सोडा. तरीही अडकला तर दोष गाइडचा. सुटला तर टॅपेट किंवा रॉकर घासतोय.

टॅपेट वर जाताना थरथरतो. गाइड सैल आहे. कॅम टॅपेटला वर ढकलतो तसा थोडा बाजूलाही ढकलतो. मोकळीक पाव मिमीवर आणा आणि मेणबत्तीचं मेण घासा. लाकडावर तेल किंवा ग्रीस नको, त्याने धूळ धरते.

पुशरॉड निसटतो. वरचा किंवा खालचा खळगा उथळ आहे, किंवा रॉकर आणि टॅपेट एका रेषेत नाहीत. बाजूने गुण्या लावून पाहा.

## प्रदर्शनासाठी

इनलेटची सगळी साखळी निळी, एक्झॉस्टची लाल. कॅमपासून व्हॉल्व्हपर्यंत एकच रंग असला की डोळा आपोआप मागोवा घेतो. रोलर, दांड्या आणि गाइडचं भोक रंगवू नका.

स्पार्कचा दिवा लावायचा असेल तर त्याचा मायक्रोस्विच कॅमच्या दांड्यावर बसवा. क्रँकवर बसवला तर दिवा प्रत्येक फेऱ्याला, एक्झॉस्टच्या शेवटीही लागेल. मोटर लावणार असाल तर मिनिटाला १० फेऱ्यांची गिअर मोटर पुरे. त्याहून फार वेगाने फिरवलं तर व्हॉल्व्हची उघड निवांत पाहता येत नाही. शक्य असेल तर हँडलच ठेवा आणि मुलांना फिरवू द्या, कारण स्प्रिंगचा जोर हाताला जाणवतो तेव्हा कॅम कशाविरुद्ध काम करतो ते समजतं.

गिअरसमोर पारदर्शक अॅक्रिलिकचं झाकण हवंच. लहान मुलांची बोटं सरळ दातांकडेच जातात. झाकण चार स्क्रूंनी लावा, म्हणजे क्लिअरन्स दाखवायच्या वेळी ते काढता येईल. फीलर गेज आणि दहाचा पान्हा बोर्डाच्या मागेच दोरीने बांधून ठेवा.